नयनरम्यतामीमांसा
अर्थात पोराबाळांसह मोटारीने दिवेआगर-श्रीवर्धनास जाण्याचा शास्त्रोक्त विधी

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत काकांबरोबर उत्तरेत गेले, झाशीचा वेढा आतून पाहिला, लुटले गेले आणि तरी घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला, तो आजही आवडीने वाचला जातो. पण भटजींबरोबर मूल नव्हते. त्यामुळे ‘अजून किती लांब?’ या प्रश्नाला त्या ग्रंथातून उत्तर मिळत नाही, आणि त्याच पेणवरून दोन मुले घेऊन कोकणात उतरणाऱ्या मुलुंडच्या गृहस्थाला गदर परवडला असे वाटू लागते.

ही उणीव भरून काढावी एवढाच या प्रबंधाचा हेतू. सिद्धान्त आधीच सांगून टाकतो, कारण वाचकाच्या मागच्या सीटवर मूल असेल तर शेवटपर्यंत वाचायला त्याला सवड मिळणार नाही. सिद्धान्त असा: नयनरम्यता हा रस्त्याचा गुण नाही. मागच्या सीटवरची मुले झोपली असता पुढच्या सीटवरच्या मोठ्यांना जे दिसते, त्यास नयनरम्य म्हणावे. मुले जागी असता तोच समुद्र, तीच नारळी-पोफळी, तोच सूर्यास्त केवळ ‘बाहेर’ असतो.

यावरून उघड आहे की प्रवासाची आखणी करताना नकाशा घेऊन बसणे ही पायरी दुसरी. पहिली पायरी झोपेची.

या शास्त्राचा अधिकारी कोण? ज्याचे मूल दोन वर्षांच्या वर आणि बाराच्या खाली आहे तो. दोनच्या आतल्या मुलांना सहसा गाडी लागत नाही, आणि बाराच्या पुढच्यांना आईबाप लागत नाहीत. कायद्याची मर्यादा वेगळी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा चाइल्ड सीटने बांधून ठेवणे सक्तीचे आहे, नाही तर दंड १,००० रुपये. पट्ट्यात अडकवलेल्या मुलाला पहिली पाच मिनिटे विमानात बसल्यासारखे वाटते. सहाव्या मिनिटाला पट्टा ‘टोचतो’. शास्त्राने या टोचण्याकडे लक्ष देऊ नये.

प्रस्थानाबाबत उपनगरांत चार संप्रदाय आहेत. चौघांनाही पळस्पे फाट्यालाच पोचायचे असते, वाद आहे तो तिथवर कसे पोचावे याचा. मुलुंडकर ऐरोलीचा पूल ओलांडून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागतो आणि इतरांकडे दयेने पाहतो. घाटकोपरकर मानखुर्द लिंक रोडने वाशीच्या पुलावर येतो. त्याचा मार्ग जवळचा, पण पहाटेसुद्धा तिथे डंपर असतात आणि डंपर दिसला की धाकटा खडबडून जागा होतो. अंधेरीकर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड बरा की सांताक्रूझ-चेंबूर, हा वाद घरात सुरू करतो, लिफ्टमध्ये वाढवतो आणि वळण मागे पडल्यावर मिटवतो. सर्वांत बिकट दशा बोरिवलीकराची. दहिसरची वेस त्याच्या हाकेच्या अंतरावर, म्हणजे मुंबईबाहेर पडायला त्याला दहा मिनिटे पुरेत. पण कोकण नेमके दुसऱ्या टोकाला. मुंबई सोडण्यासाठी त्याला आधी अख्खी मुंबई पार करावी लागते. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून ठाण्याला निघणारा जुळा बोगदा खोदणे चालू आहे. तो होईपर्यंत बोरिवलीकराने इतरांच्या तासभर आधी उठावे हे उत्तम.

उठावे त्याने, मुलांनी नव्हे. पहाटेचा मुख्य विधी म्हणजे उचल. मुलांना आदल्या रात्री प्रवासाच्याच कपड्यांत झोपवावे, साडेचारला पांघरुणासकट उचलावे आणि जिन्याचा दिवा न लावता गाडीत आणून ठेवावे. या विधीतले एकमेव विघ्न म्हणजे सोसायटीचा वॉचमन. फाटक उघडता उघडता तो खणखणीत आवाजात विचारतो, “काय साहेब, गावाला काय?” इथे दोनपैकी एक मूल डोळे उघडते. त्यालाही त्याच प्रश्नाचे उत्तर हवे असते.

एक गोष्ट मात्र सरकारने मुलांच्या झोपेसाठी केली, जरी जाहीर करताना तसे सांगितले नाही. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला. पूर्वी वाशीला किंवा ऐरोलीला ब्रेक लागे आणि ‘आलं?’ असा क्षीण स्वर मागून येई. आता ती झोप थेट पळस्प्यापर्यंत लांबते. ज्यांना त्याहून खात्रीचा उपाय हवा त्यांनी शिवडीहून अटल सेतू धरावा. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. वाटेत सिग्नल नाही. सुरू झाला तेव्हा मोटारीला एकेरी २५० रुपये टोल ठरला. तो पुलाचा नसून झोपेचा आहे असे मानले की महाग वाटत नाही. मुलांच्या आयुष्यातला सर्वांत लांब समुद्र त्यांनी डोळे मिटून ओलांडलेला असतो, याची हळहळ आईला वाटते, पण ती मुलांना हलवून उठवण्याइतकी नसावी.

आता मुहूर्त. या विषयात कोकणातल्या जुन्या जाणत्यांनी एक सूत्र देऊन ठेवले आहे, ते कोणत्याही अ‍ॅपपेक्षा सुटसुटीत आहे. त्या दिवशीची तिथी घ्यावी, तिला तीनाने गुणावे, चाराने भागावे. येते ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे तेच गणित. त्यापुढे सहाएक तासांनी ओहोटी.

मुलांना वाळू हवी असते, पाणी नव्हे. निदान पाणी हवे ते बादलीत आणून ओतण्यापुरते. म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमाराला ओहोटी हवी. अष्टमीला गेलात तर वाळूचा पट्टा उघडा पडतो तो ऐन बारा वाजता, टाळू भाजत असताना, आणि संध्याकाळी सहाला भरती असते. पौर्णिमेला मात्र साडेपाचच्या आत-बाहेर किनारा दूरवर मोकळा होतो. हरिहरेश्वरच्या डोंगराला समुद्राकडून घालायची प्रदक्षिणाही ओहोटीतच घालायची असते, तीही जमून जाते. उधाणाच्या दिवसांत पाणी जितके आत जाते तितकेच जोराने ओढतेही, म्हणून ओसरत्या पाण्यात मुलांना घोट्यापलीकडे सोडू नये; इथे प्रबंधकार थट्टा करत नाही.

तर पौर्णिमा किंवा अमावास्या. यापैकी अमावास्येला प्रवासास निघण्यास आजीची हरकत असते, ती फोनवरून येते आणि तिच्यावर अपील नाही. उरली पौर्णिमा. ती शनिवारी यावी, तो शनिवार शाळेला सुट्टीचा असावा, पुढच्या सोमवारी युनिट टेस्ट नसावी, लाँग वीकएंडही नसावा (कारण मग सगळी अंधेरी तिथेच येते), पावसाळा नसावा, कोणाच्या घरी बारसे नसावे आणि बाबांच्या साहेबाची मुलगी त्याच वेळी आजारी नसावी. त्या मानाने कपिलाषष्ठीचा योग दर आठवड्याला येतो म्हणायचे.

प्रमाणांचा विचार केल्याशिवाय कोणतेही शास्त्र पुढे जात नाही, आणि चालकाला तर तो पदोपदी करावा लागतो, कारण त्याचे डोळे रस्त्यावर असतात आणि घटना सगळ्या पाठीमागे घडतात. प्रत्यक्ष प्रमाण त्याला उपलब्ध नाही. आरसा मागची गाडी दाखवतो, मागची सीट दाखवत नाही. मग अनुमान. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असणार, हे नैयायिकांचे लाडके उदाहरण. तसेच डिंकासारखा चिकट हात मानेला लागला की चॉकलेट फुटले असणार. त्याहून उपयुक्त अर्थापत्ती. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, अर्थात रात्री जेवतो, असे मीमांसक सांगतात. आमची थोरली वडखळला पोह्यांना हात लावत नाही, तरी टवटवीत आहे. अर्थात पिशवीतला चिवडा कर्नाळ्याच्या खिंडीतच संपला.

पण श्रेष्ठ प्रमाण म्हणजे अनुपलब्धी, एखादी गोष्ट नसण्यावरून होणारे ज्ञान. कुमारिल भट्टांनी ते सहावे प्रमाण मानले; प्रभाकराने साफ नाकारले. प्रभाकराने कधी मुले घेऊन माणगाव ओलांडले नसावे. मागून भांडणाचा आवाज येत नाही, गाणे येत नाही, ‘हिने माझ्या बाजूला पाय टाकला’ येत नाही, याचे अर्थ दोनच होऊ शकतात. एक तर मुले झोपली, किंवा सनस्क्रीनची ट्यूब उघडली गेली. पुढच्या सीटवरून याची शहानिशा करण्यासाठी मान वळवली आणि मुले झोपलेली असली, तर वळवल्याच्या हालचालीने ती उठतात. म्हणून हे ज्ञान असूनही वापरता येत नाही. तत्त्वज्ञानात अशा ज्ञानाला फार मान आहे.

मधल्या रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. त्या साली जन्मलेले मूल आता मागच्या सीटवर पाय दुमडून बसते. मोठ्यांच्या लेखी ही तक्रारीची बाब. परंतु मीमांसकाने पक्षपात करू नये. मुलांची नयनरम्यता मोठ्यांहून निराळी असते, आणि तिच्यात जेसीबी, रोलर, मिक्सर, क्रेन व नारिंगी टोपीतले काका यांना समुद्राच्या बरेच वरचे स्थान आहे. या कसोटीला कोलाड-इंदापूर-माणगाव हा पट्टा वर्षानुवर्षे उतरत आला. तिथे गाडी खोळंबली की पुढे उसासे आणि मागे टाळ्या.

माणगावला उजवीकडे वळून म्हसळ्याकडे निघाले की घोणसे घाट लागतो, आणि घाटाबरोबर ओकारीप्रकरण. कारण उघड आहे: कानाच्या आतले तोल सांभाळणारे यंत्र सांगते की आपण डावी-उजवीकडे हिंदकळतो आहोत, डोळ्यांसमोर पुढच्या सीटची स्थिर पाठ असते, ती सांगते की आपण बसलोच आहोत. या दोघांच्या भांडणात पोट मध्ये पडते. मुलाच्या हाती मोबाइल दिला की डोळ्यांची बाजू आणखी बळकट होते आणि निकाल लवकर लागतो. उपाय परंपरेने दिलेले आहेत: आवळासुपारी, आलेपाक, हुंगायला लिंबू, उघडी काच आणि दूरवर बघत राहणे. पोटाला वर्तमानपत्राची घडी बांधण्याचाही एक पंथ आहे. पोटाला त्याचा काय फायदा होतो ते ठाऊक नाही, पण पुढच्या प्रसंगी कागद हाताशी असतो.

पात्राचा प्रश्न मात्र २०१८ पासून गंभीर झाला. त्या वर्षी महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली आणि घरोघरच्या गादीखालच्या पातळ पिशव्यांचा साठा आटला. कापडी पिशवी पर्यावरणाला उत्तम आणि या कामाला निरुपयोगी. यावर उपाय म्हणून श्रीखंडाचा रिकामा डबा झाकणासकट ठेवावा. तोंड रुंद, झाकण घट्ट, आणि असा डबा नसलेले मराठी घर अजून पाहण्यात नाही. फक्त एक: त्यात आदल्या रात्री कोणी लाडू भरून ठेवले नाहीत ना, हे घाटाच्या आधी पाहून घ्यावे. घाट संपता संपता, पोट रिकामे आणि अंग दमलेले असे मूल पुन्हा झोपते. म्हणजेच या यातायातीतून नयनरम्यता उत्पन्न होते. ओकारीचाही सृष्टीत उपयोग आहे.

आणि आता आपण त्या रस्त्यापाशी आलो ज्यासाठी सगळा खटाटोप. श्रीवर्धन ते दिवेआगर, आरावी, शेखाडी, भरडखोल अशी गावे घेत जाणारा हा वीसेक किलोमीटरचा रस्ता समुद्राला अक्षरशः चिकटून जातो. तो कोणत्या दिशेने जावा, हा या शास्त्रातला सर्वांत नाजूक वाद.

पूर्वपक्ष म्हणतो, उत्तरेकडून दक्षिणेकडे. दक्षिणेकडे तोंड केले की पश्चिम समुद्र उजव्या हाताला येतो. देव उजव्या हाताला ठेवून चालणे म्हणजे प्रदक्षिणा, तेव्हा अरबी समुद्राला उलटी फेरी घालण्याचे पाप कोणी करावे? युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण पूर्वपक्षी बैलगाडीतून विचार करतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. दक्षिणेकडे जाताना आपली गाडी डोंगराच्या बाजूला, समुद्र पलीकडच्या मार्गिकेपलीकडे. आणि समुद्राच्या बाजूला बसतो तो चालक, ज्याने तिकडे पाहणे धोक्याचे. उलट दक्षिणेकडून उत्तरेस आलो तर समुद्र डाव्या हाताला, आपल्याच मार्गिकेला खेटून, आणि पुढच्या डाव्या सीटवरची आई त्याची विनाअडथळा धनी होते. म्हणून सिद्धान्त: म्हसळ्याहून आधी श्रीवर्धन गाठावे आणि मग किनाऱ्याने वर दिवेआगरला यावे. प्रदक्षिणेची हौस हरिहरेश्वरला पायी फेडून घ्यावी, तिथे डावी मार्गिका नाही.

हे सगळे साधून, तिथी पाहून, दिशा पाहून, शेखाडीच्या वळणावर गाडी आली की खालती काळे खडक, त्यांच्यावर फुटणारा फेस, दूरवर एखादी होडी. मुले गाढ झोपलेली. म्हणजे नयनरम्यतेची सर्व अंगे जुळून आलेली. आणि नेमके इथे बाबांना राहवत नाही. एवढे पेट्रोल जाळून आणले ते पोरांना समुद्र दाखवायला, आणि पोरे घोरताहेत!

“ए, उठ उठ! ते बघ काय!”

“काय?”

“समुद्र!”

“कुठंय?”

“अरे, तो काय समोर! एवढा मोठा!”

धाकटा गालावर सीटची शिवण उमटलेल्या चेहऱ्याने बाहेर बघतो. बराच वेळ बघतो. मग विचारतो, “इथे जेसीबी नाहीये?”

थोरली उठते ती नाक मुरडत. भरडखोलला वलांडीवर बोंबील वाळत असतात. पुढे दिवेआगरपर्यंत डावी खिडकी कोणाची यावर युद्ध. समुद्र तिथेच असतो. नयनरम्यता गेलेली असते. झोपलेल्याला समुद्रासाठी उठवणे हा या शास्त्रातला महादोष आहे आणि त्याला प्रायश्चित्त म्हणून उरलेला रस्ता बाबांनी मुलांमध्ये बसावे, गाडी आईने चालवावी.

नैयायिकांनी अभावाचे प्रकार सांगितले आहेत, त्यांतले दोन या किनाऱ्यावर उत्तम पाहायला मिळतात. जे अजून झाले नाही पण होणार आहे, तो प्रागभाव. बॅरिस्टर अंतुले १९८० ते ८२ मुख्यमंत्री होते; रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सागरी महामार्ग हे त्यांचे स्वप्न. रस्ता बराचसा झाला, मोठ्या खाड्यांवरचे पूल मात्र चार दशके प्रागभावातच राहिले. आणि जे नव्हते, नाही आणि नसणार, तो अत्यंताभाव. त्याचे उदाहरण ‘आई, मला आत्ताच जायचंय’ असे धाकटा म्हणतो त्या क्षणी जवळपासचे स्वच्छ स्वच्छतागृह.

पण पुलाच्या प्रागभावातून एक रत्न निघाले आहे: जंगलजेट्टी. दाभोळ-धोपाव्याला २००३ साली गाड्या वाहणारी ही फेरीबोट सुरू झाली, मग वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी. लोखंडी फळी धक्क्यावर आपटते, त्यावरून एसटीशेजारी आपली गाडी चढते आणि बोटीत बसलेली गाडी पाण्यावरून चालू लागते. ही एकच जागा अशी की मुले टक्क जागी असूनही नयनरम्यता टिकते, कारण इंजिन आहे, साखळदंड आहेत, भोंगा आहे. मोठ्यांना खाडी, छोट्यांना यंत्र. प्रस्तुत सिद्धान्ताला हा एकमेव अपवाद. पूल होतील तेव्हा तोही जाईल. म्हणून ज्यांची मुले लहान आहेत त्यांनी पूल लवकर व्हावेत अशी मागणी जरा जपून करावी.

दिवेआगरला जेवण आधी सांगावे लागते. काकू फोनवर विचारतात, “किती पानं?” तीन वर्षांच्या मुलाचे पान धरावे की नाही, यावर नवरा-बायकोत एकवाक्यता नसते. बाबा म्हणतात अडीच, आई म्हणते तीन. “उकडीचा मोदक खातात का?” एवढेच काकू विचारतात. खातात, म्हटल्यावर त्या चार पाने धरतात आणि तेच बरोबर ठरते. वय पाहून पान ठरवू नये, मोदक पाहून ठरवावे, हे त्यांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक असते.

शेवटी एक आक्षेप उरतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. मुले दिवसभर गाडीत झोपली, तर रात्री कोण झोपणार? झोप ही ठरावीक मापाचीच येते. ती पळस्पे, घोणसे आणि शेखाडी इथे वाटून संपली की खोलीवर पोचल्यावर शिल्लक राहत नाही. रात्री साडेदहाला बाबा पलंगावर आडवे, आणि मुले चपला घालून दारात उभी: “आता समुद्र बघायला चला.” तिथी आठवून, तीनाने गुणून, चाराने भागून, ‘अरे, आत्ता भरती चढतेय, उद्या’ असे सांगावे लागते, आणि तीनाने का गुणले याचे स्पष्टीकरण साडेबारापर्यंत चालते.

यावर शास्त्रात उपाय एकच दिसतो. पहाटे चारला आपणहून उठणारे, रात्री बारापर्यंत गोष्टी सांगू शकणारे, मागच्या सीटवर दोन मुलांच्या मधोमध बसून सीमातंटा मिटवणारे आणि श्रीखंडाचा डबा अचूक वेळी पुढे करणारे माणूस बरोबर न्यावे. विचारून पाहिले. आजी यायला तयार आहेत, पौर्णिमाही त्यांनीच कालनिर्णयात पाहून ठेवली आहे. मधल्या सीटला मात्र त्यांची साफ ना आहे. त्यांना खिडकी हवी, तीही समुद्राच्या बाजूची.